शब्दचर्चा: ‘ग्वार्दिए देल कोर्पो’ला मराठीत काय म्हणावं?

उपशीर्षककार: नेरी पारेन्ती यांचा २००० सालचा इटालियन विनोदपट, ‘बॉडीगार्ड्स – ग्वार्दिए देल कोर्पो’. बोल्दी आणि दे सीका या नटांची नुसती धडपड-आदळआपट. नावातच एक अर्थ दोन भाषांत. मराठीत ‘बॉडीगार्ड्स – अंगरक्षक’ केलं, तर परीक्षक म्हणतात द्विरुक्ती काढा.

शुद्धमराठी: बरोबर आहे त्यांचं. नुसतं ‘अंगरक्षक’ पुरे. ‘अंगरखा’सुद्धा त्याच घरातला.

पाववाला: द्विरुक्ती का काढायची? ‘पावरोटी’त पोर्तुगीज पाव आणि आपली रोटी शेजारी नांदतातच की. मूळ नावातली गंमत जाईल.

रोमकर: नावापेक्षा संवाद सांभाळा. इटालियन बोलीत अंगरक्षकाला ‘गोरिल्ला’ म्हणतात. तसंच ठेवलं तर प्रेक्षक माकड शोधत बसेल, ‘पहिलवान’ करा. ‘स्कोर्ता’ म्हणजे पोलीस संरक्षण. ‘बुत्ताफुओरी’ म्हणजे क्लबच्या दारावरचा बाउन्सर, शब्दशः ‘बाहेर फेकणारा’. तिघांना ‘अंगरक्षक’ लावलंत तर कोण कोणाला हाकलतोय तेच कळणार नाही. शिवाय ‘ग्वार्दिया’ स्त्रीलिंगी, माणूस पुरुष असला तरी. सर्वनामं तपासून घ्या.

शुद्धमराठी: पेशवाईतला ‘खासबारदार’ आहे की!

रोमकर: तो धन्याची बंदूक वाहणारा. आणि वाचायला वेळ कुठे? दोन ओळी, ओळीला साधारण ४२ अक्षरं. आपटण्याच्या विनोदात माणूस पडण्याआधीच ओळ पुसली गेली पाहिजे. डोळा खाली राहिला की पडणं निसटतं. आणि पुढची ओळ आधी दिसली तर विनोद आधीच फुटतो.

पाववाला: ‘अंगरक्षक’ भारदस्त आहे म्हणूनच इथे हवा. शब्द जितका ताठ, तितका माणूस घसरल्यावर हशा मोठा.

उपशीर्षककार: आणि ‘स्लॅपस्टिक’ला, म्हणजे या आदळआपटीच्या विनोदाला? परिचयात ‘फार्स’ लिहिलंय.

रोमकर: चूक. फार्स प्रसंगांच्या गुंत्यावर चालतो, हा शरीरावर. स्लॅपस्टिक ही मुळात वस्तू, तीही इटलीचीच: कोम्मेदिया देल्लार्ते या जुन्या मुखवटा-नाट्यातल्या आर्लेक्किनो या विनोदी नोकराचा ‘बातोच्यो’. दोन पातळ फळ्या, मुठीशी जोडलेल्या, पुढे थोडी फट. मारलं की फळीवर फळी आपटते. आवाज मोठा, मार हलका. फट बुजली की आवाज मेला.

शुद्धमराठी: म्हणजे चिपळ्याच. ‘चिपळी-विनोद’ म्हणा.

पाववाला: चिपळ्या कीर्तनातल्या! त्यापेक्षा संस्कृत नाटकातल्या विदूषकाची वाकडी काठी घ्या, ‘कुटिलक’.

शुद्धमराठी: कुटिलकाला फट असते का?