हद्दवाढीतल्या गावात टीपी स्कीम: निम्मी जमीन जाते म्हणजे नेमकं काय, आणि आधी काय तपासायचं?

शिवारकर:
आमचं गाव हद्दवाढीत महापालिकेत आलं. आता रिंगरोडकडेच्या गटांवर नगररचना योजनेचा (टीपी स्कीमचा) इरादा जाहीर झालाय आणि जमीनमालकांची बैठक लागली आहे. आमचा गट १ हेक्टरचा, २५ मीटर रुंद आणि ४०० मीटर लांब असा पट्टा. सातबाऱ्यावर चौघा भावांची नावं, एक विहीर, सोसायटीच्या कर्जाचा बोजा. "निम्मी जमीन परत मिळेल" यापलीकडे काही कळत नाही. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो विरोध करू, स्वतःचा लेआउट पाडू. दुसरा म्हणतो सह्या करून मोकळे व्हा. बैठकीत काय विचारायचं? कोणते कागद आधी नीट करायचे?

नकाशा_टेबल:
या योजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून त्यातून रस्ते आणि सुविधांच्या जागा काढतात, आणि उरलेली जमीन आखीव 'अंतिम भूखंड' म्हणून मालकांना परत देतात. आधी सहीचा गैरसमज काढा. ही योजना सहमतीवर उभी नसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ६० खाली इरादा जाहीर झाला की प्रक्रिया कायद्याने पुढे सरकते. बैठकीची सही ही हजेरी असते. खरा जोर लावायचा तो लेखी हरकतीत: प्रारूप योजना (कच्चा आराखडा) प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस. तोंडी बोललेलं फाइलीत येत नाही, म्हणून दोन प्रती नेऊन एकीवर पोच घ्या.

आता "स्वतःचा लेआउट". तुमच्या पट्ट्यावर हिशेब मांडून बघा. लांबीभर ९ मीटरचा रस्ता काढला तर ४०० × ९ = ३,६०० चौ.मी., म्हणजे ३६ आर गेले. वर १० टक्के खुली जागा, आणखी १० आर. उरले ५४ आर, तेही १६ मीटर खोलीच्या एकाच रांगेत. रस्ता, गटार, पाण्याची लाइन तुमच्या खिशातून. शेजाऱ्याचा पट्टाही असाच असेल, तर दोन समांतर रस्ते आणि कुठेच न जुळणारी गटारं. शहराच्या कडेच्या अर्ध्या वस्त्या अशाच तुंबतात. तेव्हा ५० आर विरुद्ध १०० आर ही तुलनाच चुकीची आहे. तुलना ५० विरुद्ध ५४ ची आहे. चौरस गट आणि आधीच रुंद रस्ता असता तर मात्र लेआउटचं पारडं जड झालं असतं, हेही खरं.

टक्केवारी सगळीकडे सारखी नसते. पुण्याजवळ म्हाळुंगे-माणला ५० टक्क्यांचे अंतिम भूखंड, नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात ४० टक्के पण सोबत २.५ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या अडीच पट बांधकाम. म्हणून बैठकीत पहिला प्रश्न: आमच्या अंतिम भूखंडावर एफएसआय किती, आणि समोरचा रस्ता किती मीटरचा? राज्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकाम हक्क) आणि प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) रस्त्याच्या रुंदीबरोबर चढतात. ९ मीटरच्या आतला रस्ता वाट्याला आला तर मूळ एफएसआयवरच बसावं लागतं.

साखळी_आणि_टिपण:
कागदांचं सांगतो. सातबारा, आकारबंद (भूमी अभिलेखातली क्षेत्राची नोंद) आणि प्रत्यक्ष मोजणी या तिन्ही ठिकाणचं क्षेत्र जुळतंय का ते आधी पाहा. सातबाऱ्यावर १०० आर आणि मोजणीत ९४ भरले, तर ५० टक्क्यांनी ४७ च होतात. योजनेत कोणतं क्षेत्र धरणार हे लेखी विचारा. पोटखराबा (लागवडीला अयोग्य भाग) धरलाय की वगळलाय, तेही.

चौघांची वाटणी तोंडी असेल तर तुमचा मूळ भूखंड एकच आणि अंतिम भूखंडही एकच, सामाईक. पुढे एका भावाला बांधकाम परवानगी हवी झाली की बाकी तिघांच्या सह्या. वेगळे भूखंड हवे असतील तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप, मग पोटहिस्सा मोजणी, मग फेरफार, आणि हे सगळं प्रारूप तयार होण्याआधी. वारसनोंद राहिली असेल तर ती त्याच्याही आधी. जमीन भोगवटादार वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी) असेल तर वेगळं प्रकरण आहे, तसं असेल तर सांगा.

सोसायटीचा बोजा आपोआप उडत नाही, तो अंतिम भूखंडावर येतो. आणि आता घाईने गुंठे विकू नका. एका गटावर चाळीस नावं चढली की चाळीस जणांचा मिळून एक सामाईक भूखंड होतो आणि कोणाचंच घर उभं राहत नाही.

नमुना_एक:
पैशाची बाजू कोणी बोललं नाही. योजनेच्या फॉर्म नं. १ मध्ये प्रत्येक भूखंडाची एक ओळ असते, ती मागून घ्या. दर फक्त समजण्यासाठी धरतो. अविकसित दर २,००० रु. चौ.मी., तर तुमच्या १०,००० चौ.मी.चे २ कोटी. अंतिम भूखंड ५,००० चौ.मी., त्याच दराने १ कोटी. म्हणून फरकाचे १ कोटी ही तुमची भरपाई. विकसित दर, म्हणजे रस्ते-सुविधा झाल्यावरचा, ६,००० धरला तर त्याच भूखंडाचे ३ कोटी. वाढ २ कोटी, तिचा निम्मा हिस्सा म्हणजे १ कोटी तुमचं अंशदान (योजनेच्या खर्चापोटी द्यायचा वाटा). देणं-घेणं शून्य. विकसित दर ७,००० लावला तर वाढ अडीच कोटी, अंशदान सव्वा, आणि तुम्हीच २५ लाख देणं लागता! म्हणून विकसित दर फुगवलाय का, एवढा रकाना बारकाईने बघा. दोन्ही दर इराद्याच्या तारखेचे असतात, त्या काळातले आसपासचे नोंदणीकृत व्यवहार जमवून ठेवा.

शिवारकर:
दादा, भूखंड भलतीकडेच दिला तर? आणि विहीर?

नकाशा_टेबल:
जमेल तितकं मूळ जागेवर, असा संकेत आहे, हमी नाही. हरकतीत नुसतं "मान्य नाही" लिहिलं तर कचऱ्यात जातं. प्रारूप नकाशाची प्रत घ्या, त्यावर हवा तो भूखंड रंगवा, क्रमांक लिहा, कारण द्या: विहीर भूखंडात राहावी, दिलेली जागा ओढ्याच्या पूररेषेत आहे, समोरचा रस्ता अरुंद आहे. विहिरीचा आणि पाइपलाइनचा मोजणी नकाशा सोबत जोडा. प्रारूप मंजूर झाल्यावर लवाद (भूखंड आणि रकमांचा निवाडा करणारा अधिकारी) नेमला जातो, तो प्रत्येक मालकाला नोटीस काढून ऐकतो. तिथे हीच प्रत घेऊन जा. आणि नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत फिरू नये म्हणून चौघांचे आजचे पत्ते आत्ताच लेखी कळवा.