शब्दचर्चा : ‘लसीकावाहिन्यांची घनता’ साध्या मराठीत कशी सांगाल?

मामीच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट घरात वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्यासोबत कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला एक मराठी लेख होता. त्यातलं वाक्य: ‘अर्बुदातील रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्यांची घनता उत्तरजीवितेचे भाकीत करते.’ मामा म्हणाले, “हे भेंडवळच्या घटमांडणीसारखं आहे काय?” हसू आलं, पण चूक त्यांची नाही. भाकीत म्हटलं की आपल्या बुलढाण्याकडे अक्षय्य तृतीयेचा घटच डोळ्यांपुढे येतो.

‘अर्बुद’ला ‘गाठ’ म्हणून मोकळा झालो. ‘उत्तरजीविता’ म्हणजे रोगानंतर माणूस किती जगतो ते, पण असं कोण बोलतं? पण ‘लसीका’ अन् ‘घनता’ला अडलो. घनता म्हणजे शाळेत शिकलेलं वस्तुमान भागिले आकारमान ना?

दारव्ह्याहून
‘लसीका’ परकी नाही, चरकसंहितेत आहे. त्वचेखालचं, जखमेतून येणारं पाणी. गुडघा खरचटला की रक्त थांबल्यावर जो पिवळसर, चिकट ओलावा येतो, त्याला आमची आजी ‘लस वाहते’ म्हणायची. देवीची लसही सुरुवातीला गाईच्या देवीच्या फोडातलं पाणीच होती, म्हणून ‘लस टोचणे’. पण ‘लसवाहिनी’ म्हणू नका, कोविडची गाडी आली वाटेल!

अन् पायात बाभळीचा काटा मोडला की जांघेत जे अवधान येतं, ती लसीकाग्रंथीच सुजलेली असते. मामांना तिथून सुरुवात करून सांगा.

लॅबमध्ये काम करणारा
इथली घनता वजनाची नाही, मोजणीची आहे. तुकड्याच्या पातळ कापावर असा रंग चढवतात की नसांचं अस्तर तपकिरी अन् बाकी पेशींची केंद्रकं निळी दिसतात. या रंगकामाची नावं: रक्तवाहिन्यांसाठी सीडी३४ किंवा सीडी३१, लसीकावाहिन्यांसाठी डी२-४०. मग सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांत दाट जागा शोधून तिथल्या नसा मोजायच्या. म्हणून ‘दाटी’ हाच शब्द मला पटतो.

नव्या नसांशिवाय गाठ काही मिलिमीटरपुढे वाढत नाही, हे अमेरिकी शल्यवैद्य फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. स्तनाच्या कर्करोगात ही दाटी अन् रोग पसरणं यांचा संबंध संशोधक वाइडनर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवला. पण दाट जागा कोणती, हे मोजणाराच ठरवतो. दोघांचे आकडे जुळतीलच असं नाही. नंतरच्या अभ्यासांचे निकालही एकसारखे नाहीत. म्हणून ‘भाकीत’ काढा, ‘खूण’ लिहा. अन् खूण पुष्कळ रुग्णांच्या हिशेबाची असते, एका बाईचं आयुष्य सांगत नाही.

एक गोष्ट मात्र घोळू नका. रिपोर्टात बहुधा नसांची दाटी नसते, नसांत ‘शिरकाव’ झाला की नाही ते असतं. म्हणजे रोगाच्या पेशी नळीच्या आत दिसल्या का. दाटी वेगळी, शिरकाव वेगळा.

मोर्शीहून
भाऊ, संत्र्याच्या बागेतून सांगा न! ठिबकची नळी पाणी आनते, ते रक्तवाहिनी. वावरातलं जास्तीचं पाणी चरानं बाहेर जाते, ते लसीकावाहिनी. चर बुजला की पाणी साचते, मंग झाडाले डिंक्या लागते. गाठीतल्या नळ्या म्हने फुटक्याच असतात, पाणी साऱ्यानं झिरपते अन् मधातले चर दबून जातात.

लॅबमध्ये काम करणारा
वा, नेमकं! आतले चर दबतात म्हणूनच गाठीच्या कडेच्या लसीकावाहिन्या जास्त महत्त्वाच्या. पेशी बहुतेक तिथून निघून काखेतल्या ग्रंथीत पोचतात.

मूळ प्रश्नकर्ता
काल रात्री अंगणात खाटेवर बसून वाक्य असं वाचलं: ‘गाठीत रक्ताच्या अन् लसीच्या नसांची दाटी किती, ही रोग पुढे कसा वागेल याची एक खूण असू शकते.’ मामांनी मान हलवली. मामी दळण निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “माझ्या कागदात किती आहे मंग?”

रिपोर्ट पुन्हा उघडला. दाटीचा आकडा नव्हताच. खाली एक ओळ होती, तिचं मराठी तिथल्या तिथे केलं: ‘नसांत शिरकाव दिसला नाही.’ मामींनी सूप बाजूला ठेवलं अन् ती ओळ परत वाचायला लावली.