कमोडिअस म्हणजे ऐसपैस? मग कमोडचं काय?

पेंगुळलेला_पोपट:
मंडळी एक शंका. जुनी इंग्रजी कादंबरी वाचतोय त्यात एका घराला 'कमोडिअस' म्हटलंय. डिक्शनरी म्हणते प्रशस्त, ऐसपैस. पण माझ्या डोळ्यासमोर सारखा संडासच येतोय त्याला काय करू 😅 सरळ स्पेशिअस का नाही लिहिलं? आणि कमोडशी नातं खरंच आहे का?

खिडकीतली_खुर्ची:
आहे की, एकाच घरचे आहेत दोघं. लॅटिनमधे कोमोडुस म्हणजे सोयीचं, मापात बसणारं. त्यातलं मोडुस म्हणजे माप, मोड, मॉडेल, मॉडरेट ही सगळी त्याचीच पोरं. 15व्या शतकात कमोडिअस इंग्रजीत आला तेव्हा जागेबिगेचा संबंध नव्हता, फायद्याचं किंवा सोयीचं एवढाच अर्थ, पण घर सोयीचं कधी वाटतं तर हातपाय पसरता आले की, म्हणून 16व्या शतकात ऐसपैस हा अर्थ चिकटला तो चिकटलाच. आणि स्पेशिअस काय गोडाऊनही असतं हो, कमोडिअसमधे जागेबरोबर आरामही आला. फ्रेंचांचं कमोड म्हणजे खणांचं बुटकं कपाट, सोयीचं म्हणून ते नाव. 19व्या शतकात इंग्रजांनी आत भांडं लपवलेल्या खुर्चीला तेच नाव दिलं आणि आपण तर थेट पॉटलाच कमोड करून टाकलं.

ताकभात:
पण आपण तरी काय वेगळं करतो? प्रवासात हॉटेलात शिरल्या शिरल्या आई गल्ल्यावरच्या माणसाला विचारते, "इथे बायकांची सोय आहे का हो?" तो नुसतं मागे बोट दाखवतो. कसली सोय असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.

नवखा_००७:
मग नेव्हीतला कमोडोर पण यातलाच का??

खिडकीतली_खुर्ची:
नाही रे बाबा, तो कमांडच्या घराण्यातला. कमोडिटी आणि अकोमोडेशन मात्र आपले. रोमचा सम्राट कोमोडुस, त्याचं नावही हेच. सोयीचा म्हणे, शेवटी 192 साली जवळच्याच लोकांनी कट करून मारला त्याला.

पेंगुळलेला_पोपट:
भारी, थँक्यू सगळ्यांना. आमच्या वन आरकेला ब्रोकर स्पेशिअस म्हणाला होता. कॉटवर पडल्या पडल्या हात लांब केला की गॅस बंद करता येतो. 15व्या शतकातल्या अर्थाने कमोडिअस धरायला हरकत नाही.