मदत हवी आहे: अँजिओप्लास्टीनंतर वडिलांची जीटीटी (ग्लुकोज पाजून करायची शुगरची टेस्ट) कुठे करावी?

वडील 67 वर्षांचे, दिवाळीनंतर अँजिओप्लास्टी झाली. डायबेटिसचं निदान आजवर नाही. आता उपाशीपोटी शुगर 108, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) 6.1. "बॉर्डरवर आहे, गोड कमी करा," एवढंच सांगितलं गेलं. पण हिमोग्लोबिन 9.8 आहे, आणि रक्त कमी असलं की एचबीएवनसी फसवू शकतं. घरच्या मीटरवर ज्वारीची भाकरी-आमटी खाऊनही दोन तासांनी 190च्या आसपास येते. मीटरवरून निदान होत नाही, हे माहीत आहे. म्हणूनच 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून करतात ती जीटीटी करायची आहे. हार्टच्या माणसाची शुगर अशी अर्धवट सोडायला मन धजत नाही. बिनसाखरेचा चहा, रोजचं चालणं सुरू आहे. शुगर वाढवणारं स्टिरॉइड वगैरे काही नाही.

जुळे सोलापूर किंवा सात रस्त्याजवळ दोन तास नीट बसवून ही टेस्ट करणारी, तळमजल्यावरची लॅब कोणती? आणि त्या सकाळी हार्टच्या गोळ्यांचं काय करायचं, हे तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?