१९२४ चे पत्र : वास्को द गामा क्लबला श्रेय किती द्यावे?

दूरचा प्रेक्षक

रिओ द जानेरोच्या वास्को द गामा क्लबचे अध्यक्ष जुझे आउगुस्तू प्रेस्तेस यांनी ७ एप्रिल १९२४ रोजी शहरातील नव्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष आर्नाल्दू गिन्ले यांना एक छोटे पत्र लिहिले. आमचे बारा खेळाडू वगळण्याची तुमची अट आम्हांला मान्य नाही, सबब आम्ही तुमच्या संघटनेत येत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. ब्राझीलमध्ये ते आजही ‘ऐतिहासिक उत्तर’ या नावाने ओळखले जाते. दक्षिण अमेरिकेतील कोणत्याही जुन्या क्लबने जिंकलेल्या चषकापेक्षा मी हे पत्र मोठे मानतो, आणि ते का, हे मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

क्लबची स्थापना २१ ऑगस्ट १८९८ ची, आणि तीही फुटबॉलसाठी नव्हे, तर नौकाशर्यतींसाठी झालेली आहे. रिओमध्ये व्यापारात आणि दुकानदारीत असलेल्या पोर्तुगीज स्थलांतरितांनी तो काढला, आणि वास्को द गामाच्या भारताच्या सफरीला त्या साली चारशे वर्षे होत असल्यामुळे त्याचे नाव क्लबला दिले. फुटबॉल आला तो १९१५ मध्ये. खालच्या श्रेणींतून वर चढत संघ १९२३ मध्ये रिओच्या पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि त्याच वर्षी, अवघा एक सामना हरून, अजिंक्य ठरला.

त्या संघात कोण होते ते पाहा. गोलरक्षक नेल्सन दा कॉन्सेसाओ टॅक्सी चालवत असे, निकोलिनो गोदीत माल चढवण्या-उतरवण्याचे काम करत असे, सेसी भिंती रंगवत असे आणि बोलाओ मालाचा ट्रक चालवत असे. काही काळे, काही मिश्रवर्णी, काही गरीब गोरे. समोर होते ते फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोटाफोगो यांसारखे क्लब, जिथे खेळणारी मुले बहुतांशी शिकलेल्या आणि खात्यापित्या घरांतली होती. उरुग्वेहून आलेले प्रशिक्षक रामोन प्लातेरो वास्कोच्या खेळाडूंकडून धावण्याचा इतका कसून सराव करून घेत, की उत्तरार्धात प्रतिस्पर्ध्यांची दमछाक झालेली असताना हे खेळाडू ताजेतवाने असत.

पुढच्याच वर्षी पाच क्लबांनी जुनी संघटना सोडून ‘आमेआ’ ही नवी संघटना स्थापन केली. वास्कोला तिचे दार पूर्ण बंद नव्हते, पण बारा खेळाडू बाहेर ठेवूनच आत यायचे होते. शहराचा अजिंक्य संघ असलेल्या क्लबने ही अट नाकारली, मोठ्या सामन्यांवर आणि त्यांच्या उत्पन्नावर पाणी सोडले, आणि उरलेल्या लहान क्लबांबरोबर जुन्याच संघटनेत राहून १९२४ ची स्पर्धाही जिंकली. बारा माणसांसाठी एवढी किंमत मोजणारा क्लब मला त्या काळात दुसरा दिसत नाही.

सरळ रेषा

धागाकर्त्यांच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मांडणी मला पटलेली नाही. ‘दुसरा दिसत नाही’ असे म्हणण्यापूर्वी त्याच शहराच्या उपनगरातील बांगू या क्लबकडे पाहायला हवे होते. हा क्लब १९०४ मध्ये एका कापड गिरणीच्या आवारात, गिरणीतील इंग्रजांच्या पुढाकाराने निघाला आणि १९०५ मध्येच गिरणीत विणकाम करणारा कृष्णवर्णीय फ्रान्सिस्कू कार्रेगाल त्याच्या संघात खेळत होता. दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, तेव्हाच्या संघटनेने ‘रंगाच्या’ व्यक्तींची हौशी खेळाडू म्हणून नोंदणी होणार नाही असे उघडपणे जाहीर केले, तेव्हा बांगू त्या संघटनेतून बाहेर पडला. वास्कोमध्ये तेव्हा फुटबॉल सुरूही झालेला नव्हता. किंमत मोजण्याचाच निकष लावायचा, तर ती बांगूने सतरा वर्षे आधी मोजलेली आहे.

दुसरा मुद्दा पत्राचा. त्यात वर्ण हा शब्द एकदाही येत नाही. पत्राची सुरुवात कशाने होते? संस्थापक क्लबांना दिलेले विशेषाधिकार, मतदानाचा आणि चर्चेचा हक्क, आपल्या मैदानाच्या उणेपणावरून आणि कार्यालयाच्या साधेपणावरून आपल्याला दिलेले दुय्यम स्थान, यांबद्दलच्या तक्रारीने. खेळाडूंचा विषय त्यानंतर येतो. हे एका महत्त्वाकांक्षी संस्थेने आपल्या हक्कांसाठी लिहिलेले पत्र आहे आणि तसे ते चांगलेच आहे. पण त्याला वर्णद्वेषाविरुद्धचा जाहीरनामा म्हणणे म्हणजे आजचे शब्द शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांच्या तोंडी घालणे होय.

तिसरा मुद्दा पैशाचा. नियमाने सगळे हौशी, आणि हौशी खेळाडूला खेळाचे पैसे घेता येत नव्हते. वास्कोचे पाठीराखे असलेले पोर्तुगीज व्यापारी खेळाडूंना आपल्या दुकानांत नोकर म्हणून दाखवत, आणि सामना जिंकल्यावर त्यांच्या हातावर ‘बिशू’, म्हणजे ‘जनावर’, ठेवले जाई. हे नाव ‘जोगू दू बिशू’ या प्राण्यांच्या आकड्यांवरील लोकप्रिय जुगारातून आले होते : कुत्रा म्हणजे पाच मिल-रेइस (तेव्हाचे ब्राझिली चलन), ससा म्हणजे दहा, कोंबडा म्हणजे पन्नास आणि गाय म्हणजे शंभर. ज्या खेळाडूंवर एवढी रक्कम गुंतवली, ते सोडून द्यायला कोणता व्यापारी तयार होईल?

मुरगावकर

माझे बालपण गोव्यातल्या वास्को शहरात गेले, त्यामुळे हा धागा उघडताना माझ्या मनात आधी नाव आले, फुटबॉल नंतर. आमच्या शहराला आणि त्या क्लबला एकाच माणसाचे नाव आहे. १५०२ च्या सफरीत मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळणारा तोच हा माणूस. १८९८ मध्ये रिओतल्या पोर्तुगीजांनी हे नाव निवडले, ते साम्राज्याच्या अभिमानापोटी. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून गुलाम आणले गेले, तेही याच साम्राज्याच्या जहाजांतून. तेव्हा हा क्लब समतेचे प्रतीक मानताना, ज्यांचे पूर्वज त्या जहाजांतून आले त्या खेळाडूंनी छातीवर कोणाचे नाव वागवले, याचाही विचार झाला पाहिजे. यावर माझे मत पक्के झालेले नाही, पण हा प्रश्न बाजूला सारून श्रेयाची चर्चा पुरी होईल असे मला वाटत नाही.

तिसरा बाक

मुरगावकरांचा प्रश्न गंभीर आहे, आणि त्याला धरूनच एक गोष्ट सांगायला हवी. १९२० च्या दशकातील रिओमध्ये पोर्तुगीज हे राज्यकर्ते नव्हते. ब्राझील १८२२ मध्येच स्वतंत्र झाला होता आणि शहरातला पोर्तुगीज म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी, बेकरीवाला, वखारीतला कारकून. भाडी आणि धान्याचे भाव वाढले की लोकांचा रोष त्याच्यावर निघे. वास्कोविषयीचा राग काळ्या खेळाडूंबद्दल होता, गरिबांबद्दल होता आणि पोर्तुगीजांबद्दलही होता. हे तिन्ही राग एकात एक मिसळलेले होते, आणि म्हणूनच केवळ वर्णाचा किंवा केवळ पैशाचा धागा वेगळा काढून दाखवला की चित्र चुकते.

आता ‘सरळ रेषा’ यांच्या दुसऱ्या मुद्द्याविषयी. पत्रात वर्णाचा उल्लेख नाही हे खरे, पण अटीतही तो नव्हता, आणि खरी मेख तिथेच आहे. १९०७ च्या संघटनेने ‘रंगाच्या व्यक्ती’ असे स्पष्ट लिहिले; १९२४ च्या संघटनेला तसे लिहिण्याची गरज राहिली नाही. तिने खेळाडूंच्या ‘सामाजिक स्थिती’ची चौकशी केली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ मध्ये रद्द झाली, म्हणजे या पत्राच्या केवळ ३६ वर्षे आधी. ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा कायद्याने कोणाच्या तरी मालकीचे होते, त्यांचा धंदा काय आणि शिक्षण किती हे विचारणे, म्हणजे त्यांचा वर्ण विचारणेच होते.

खेळाडूला लिहिता-वाचता आले पाहिजे, असाही नियम होता. सामन्याआधी नोंदपत्रकावर त्याने स्वतःच्या हाताने नाव लिहायचे. तो प्रसंग डोळ्यांपुढे आणून पाहावा. एकीकडे वकिलीचा विद्यार्थी सफाईने सही करून मैदानात जातो, आणि दुसरीकडे ज्याने आयुष्यभर गोदीत ओझी उचलली तो माणूस टाक घट्ट धरून एकेक अक्षर काढतो आहे, आणि ते अडखळते का, हे पाहणारे डोळे त्याच्यावर खिळलेले आहेत. वास्कोने आपल्या खेळाडूंना अक्षरे शिकवण्याची सोय केली आणि ज्यांची नावे लिहायला अवघड होती त्यांना सोपी नावे घेऊ दिली. यातही सामना जिंकण्याचा स्वार्थ होता, असे कोणी म्हणेल. म्हणू देत, ज्याला त्यामुळे स्वतःचे नाव लिहिता आले, त्याच्याकडे ते आयुष्यभर राहिले.

सरळ रेषा

‘सामाजिक स्थिती’ या शब्दांवरील विवेचन मला मान्य आहे, आणि तेवढ्यापुरता माझा दुसरा मुद्दा मी सौम्य करतो. पण मूळ आक्षेप कायम आहे, आणि तो कथा कशी रचली जाते याबद्दलचा आहे. १९२३ च्या संघाची जी गोष्ट आपण सगळे सांगतो, तिचा मोठा भाग पत्रकार मारियू फिल्यू यांच्या १९४७ च्या पुस्तकातून आलेला आहे. त्यांनी ती उत्कटतेने सांगितली. परंतु पुढच्या पिढीतील काही अभ्यासकांनी असा आक्षेप घेतला आहे, की दुष्ट क्लब, शूर क्लब आणि अखेरीस विजय अशा साच्यात ती बसवली गेली, आणि हौशी विरुद्ध धंदेवाईक हा त्या काळचा खरा झगडा तिच्यात झाकला गेला.

घटनाक्रमही या साच्यात नीट बसत नाही. वास्को १९२५ मध्ये, म्हणजे एका वर्षातच, आमेआमध्ये दाखल झाला. खेळाडू त्याने बरोबर नेले हे खरे, पण हौशीपणाचे नियम तसेच राहिले. रिओत खुले व्यावसायिक फुटबॉल १९३३ मध्ये आले, तेव्हा कुठे गरीब खेळाडूला आपल्या कष्टाचे पैसे उजळ माथ्याने घेता येऊ लागले. माझ्या मते दार उघडले ते १९३३ मध्ये, पत्राने नव्हे.

आणि दार उघडल्यावर तरी काय झाले? वास्कोचाच गोलरक्षक मोआसिर बारबोझा पाहा. १९४८ मध्ये सांतियागो येथे दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांची स्पर्धा वास्कोने जिंकली, त्या संघात तो होता. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले, आणि उरुग्वेच्या विजयी गोलाचे खापर २००० मध्ये मृत्यू येईपर्यंत या कृष्णवर्णीय माणसाच्या माथी राहिले. खेळू देणे आणि बरोबरीने वागवणे यांतले अंतर एवढे मोठे होते.

दूरचा प्रेक्षक

बांगूविषयीची चूक मी सरळ मान्य करतो; ‘दुसरा दिसत नाही’ हे वाक्य मी लिहायला नको होते. मात्र त्या इतिहासाचा पुढचा भागही सांगायला हवा. १९२४ मध्ये आमेआ स्थापन करणाऱ्या पाच क्लबांत फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोटाफोगो आणि अमेरिका यांच्याबरोबर पाचवा क्लब बांगूच होता. त्यामुळे कार्रेगालचे मोल कमी होत नाही, पण त्या एप्रिलमध्ये कोण कुठल्या बाजूला बसले होते, हे त्यातून कळते.

१९३३ चा मुद्दा मी वेगळ्या रीतीने पाहतो. व्यावसायिक फुटबॉल कोणाच्या कृपेने आले नाही. गोदीतला हमाल आणि ट्रकचालक यांचा संघ अभिजनांच्या मुलांना हरवू शकतो हे एकदा सगळ्या शहराने पाहिल्यावर, जिंकायचे असेल तर असेच खेळाडू हवेत, हे बाकीच्या क्लबांनाही मान्य करावे लागले. १९२३ वगळून १९३३ ची संगती मला लावता येत नाही.

मैदानाच्या उणेपणाला क्लबने दिलेले उत्तरही विसरता येत नाही. सभासदांनी वर्गण्या काढल्या, साओ क्रिस्तोव्हाओ भागात जमीन घेतली, ६ जून १९२६ रोजी पायाभरणी झाली आणि २१ एप्रिल १९२७ रोजी साओ जानुआरियो मैदान खुले झाले. वर्ष भरण्याआधी उभे राहिलेले हे काम तेव्हा ब्राझीलमधले सर्वांत मोठे मैदान होते. पहिल्या सामन्यात सांतोसने वास्कोला ५-३ असे हरवले, पण मैदान छोटे असल्याची सबब पुन्हा कोणाला सांगता आली नाही.

बारबोझाच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. त्याचे जे झाले ते क्लबच्या पत्राने थांबणारे नव्हते.

तिसरा बाक

एका शब्दाकडे लक्ष वेधतो. पत्रात त्या बारा जणांचा उल्लेख ‘सहसभासद’ असा केलेला आहे. त्यांची चौकशी अशा न्यायासनापुढे झाली जिथे त्यांना ना प्रतिनिधी होता ना बचाव, आणि ज्या घराने त्यांना थारा दिला ते घर चालवणारे त्यांच्यावर जाहीर कलंक लावण्यात सामील होणार नाहीत, अशा आशयाची वाक्ये त्यात आहेत. हा ठराव संचालकांनी एकमताने केला होता. गुंतवणूक वाचवू पाहणारा व्यापारी ही भाषा वापरत नाही.

सरळ रेषा

वापरतो, कारण दुसरा शब्द वापरणे त्याला परवडणारे नव्हते. हौशीपणाच्या नियमानुसार खेळाडू हा क्लबचा सभासदच असावा लागे. कागदावर ‘आमचे नोकर’ असे लिहिले असते, तर पैसे देत असल्याची कबुलीच झाली असती. ‘सहसभासद’ हा शब्द नियमाने लिहायला लावलेला आहे.

दूरचा प्रेक्षक

नियमाने तो शब्द लिहायला लावला असेल, हे मी नाकारत नाही. पण या क्लबमध्ये त्या शब्दाला त्याआधीही अर्थ होता. १९०४ मध्ये वास्कोच्या सभासदांनी कांदिदू जुझे द आराउजू या मिश्रवर्णी गृहस्थांना अध्यक्ष निवडले होते. हातावर ठेवायचा बिशू तेव्हा नव्हता, जपायचा गोलरक्षक नव्हता. क्लबकडे होत्या त्या फक्त नावा, आणि फुटबॉल सुरू व्हायला अजून ११ वर्षे होती.