ड्रॉइंगवर टॉलरन्स आणि अलाउन्स: एकच की दोन?

मायक्रोमीटर: कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या मशीनशॉपमधून फौंड्रीला (ओतकामाच्या कारखान्याला) जाणाऱ्या ड्रॉइंगवर ‘अलाउन्स ±३’ असं लिहिलेलं दिसतं. हे बंद झालंच पाहिजे. अलाउन्स म्हणजे मापात आपण मुद्दाम ठेवलेला फरक. टॉलरन्स म्हणजे माप किती हललं तर चालेल त्याची हद्द.

समजा बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगला तयार बोअर (आतलं गोल भोक) ५० मि.मी. हवा. दर बाजूला ३ मि.मी. मशिनिंगला ठेवले की कच्चा बोअर ४४. बीड साधारण १ टक्का आकसतं, म्हणून कोअर बॉक्स (भोकासाठी वाळूचा गाभा बनवायचा साचा) ४४.४४. इथवर सगळा अलाउन्स. आता ±१ टॉलरन्स दिला की ४३ ते ४५ पास, म्हणजे बाजूला २.५ ते ३.५ माल हाताशी. पण ±३ वाचून कुणी कच्चा बोअर ५० चाच धरला, तर तो ५३ पर्यंत जाईल. तो जॉब परत भट्टीतच.

कोअरबॉक्स: साहेब, पॅटर्नवाला (साच्यासाठी नमुना बनवणारा) इतका कच्चा नसतो. बोअरला वजा, बाहेरच्या मापाला जमा, हे त्याला शिकवावं लागत नाही. बिडाच्या श्रिंकेज पट्टीवरचा १०० साध्या पट्टीवर १०१ भरतो, तेवढ्यात आकसणं मिटलं. उलट मशीनशॉपनं अलाउन्स लिहूच नये. स्लॅग आणि सुटलेली वाळू साच्याच्या वरच्या पेटीत जाऊन बसते, तिथं एखादा मि.मी. जादा लागतो. कुठली बाजू वर घ्यायची ते फौंड्री ठरवणार. तुम्ही तयार माप आणि टॉलरन्स द्या, बास.

मायक्रोमीटर: मग जॉब धरायचं फिक्स्चर कशावर बनवायचं? स्टॉक (मशिनिंगला ठेवलेला जादा माल) कमी पडला तर इन्सर्ट (कापणारं टोक) वाळू चिकटलेल्या कडक सालीतच घासतं आणि धार जाते. जादा ठेवला तर आतल्या पोकळ्या उघड्या पडतात. दोन्ही नुकसान मशीनशॉपच्या माथी. आकडा दोघांनी मिळून ठरवा, पण तो कागदावर हवाच.

फिटर: गोंधळ अलाउन्स या शब्दानंच केलाय. फिटिंगमध्ये त्याचा अर्थ आणखी वेगळा. ५० एच७ बोअर: +०.०२५ / ०. ५० जी६ शाफ्ट: −०.००९ / −०.०२५ (एच७, जी६ हे टॉलरन्सचे ठरलेले वर्ग). टॉलरन्स बोअरचा ०.०२५, शाफ्टचा ०.०१६. अलाउन्स म्हणजे सगळ्यात लहान बोअर वजा सगळ्यात मोठा शाफ्ट, ०.००९. दाबून बसवायच्या प्रेस फिटला तोच उणे होतो. एकाच कागदावर ३ सुद्धा अलाउन्स आणि ०.००९ सुद्धा? कास्टिंगला ‘मशिनिंग स्टॉक’ आणि ‘श्रिंकेज’ लिहा, फिटला ‘किमान क्लिअरन्स’. नुसता ‘अलाउन्स’ नकोच.

कोअरबॉक्स: हे मान्य. पण ड्राफ्ट राहिला की! पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून १-२ अंशांचा उतार देतो, त्यालाही अलाउन्सच म्हणतात. १ अंशानं १०० मि.मी. उंचीला माप १.७५ मि.मी. सरकतं. तो स्टॉकमध्येच धरायचा की स्टॉकच्या वर, हे लिहा. माझ्या मते वर. आत धरला तर एका टोकाला ३ चे १.२५ च उरतात.

मायक्रोमीटर: वर धरला तर दुसऱ्या टोकाला पावणेपाच काढावे लागतात, दोन कट जास्त. त्याचे पैसे फौंड्री देणार का?