डीबीएसची बॅटरी: चार्जिंगची की साधी? गुरुवारपर्यंत सांगायचंय

मिरजकर_७७
बाबांना डीबीएस (मेंदूत तारा घालून छातीवरच्या बॅटरीने करंट देतात ते ऑपरेशन) सांगितलंय. प्रश्न एकच, बॅटरी चार्जिंगची घ्यावी की साधी? दोन्हींत काही लाखांचा फरक आहे आणि गुरुवारपर्यंत कळवायचंय. ज्यांच्या घरी बसवली आहे त्यांनीच सांगा. गूगल करून झालंय. ऑपरेशन करावं की नाही हा विषय नाही, ते ठरलंय.

स्वाती_कोथरूड
आईला २०१७मध्ये साधी बसवली, साडेचार वर्षं चालली. मग छातीवरचा जुना टाका उघडून फक्त बॅटरी बदलली, डोक्यातल्या तारा त्याच. खर्च मात्र पुन्हा. संपत आलीय हे आमच्या लक्षातच आलं नाही, एका सकाळी आई पलंगावरून उठेचना. चार्जिंगची पंधरा वर्षं तरी जाते म्हणतात, पण ती नेमाने चार्ज करावी लागते. बाबा मोबाइल चार्ज करायला विसरतात का? त्यावर ठरवा.

अण्णा_इचल
आजार कोणता ते लिहिलंच नाहीत.

मिरजकर_७७
पार्किन्सन. डीबीएस आणखी कशाला करतात?

माहितीपंत
बऱ्याच कशाला. इसेन्शियल ट्रेमर (हात थरथरण्याचा आजार), डिस्टोनिया (स्नायू आपोआप पिळवटतात तो), अगदी हट्टी ओसीडीसुद्धा (तेच तेच विचार, त्याच त्याच कृती). मूळ गोष्ट रंजक आहे. पूर्वी कंप थांबवायला मेंदूतल्या थॅलॅमस या भागाचा छोटा ठिपका जाळत. जाळण्याआधी सुई नीट जागी पोचली का हे पाहायला थोडा करंट देत. १९८७मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला न्यूरोसर्जन बेनाबिद यांच्या लक्षात आलं की करंटचे ठोके सेकंदाला शंभराच्या घरात नेले की हात थांबतो, बंद केले की पुन्हा सुरू. मग जाळायचं कशाला, करंटच चालू ठेवू! अमेरिकेत १९९७ला कंपासाठी परवानगी मिळाली, पार्किन्सनसाठी २००२ला.

मिरजकर_७७
छान. बॅटरी?

सई_फिजिओ
वय किती? आजाराला किती वर्षं झाली? सिन्डोपा (पार्किन्सनची नेहमीची गोळी) किती आणि गोळी चढल्यावर किती फरक पडतो?

मिरजकर_७७
६६. दोन वर्षं. सिन्डोपा ११०, अर्धी-अर्धी तीनदा. काडीचा फरक नाही, म्हणूनच तर ऑपरेशन! सारखे पडतात, तेही मागच्या मागे. आवाज खोल गेलाय. आता बॅटरीचं सांगाल का कुणी?

सई_फिजिओ
दादा, बॅटरी राहू द्या. गोळीने जे सुधारतं तेच साधारणपणे तारेने सुधारतं. कंपाचा अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी तारेने थांबू शकतो. तोल आणि आवाज यांना सहसा फायदा होत नाही, उलट आवाज आणखी बिघडलेले पेशंट मी पाहिलेत. म्हणून आधी चाचणी करतात. रात्रभर गोळी बंद, सकाळी चालणं-उठणं तपासून गुण देतात, मग मोठा डोस देऊन पुन्हा तपासतात. निदान एक तृतीयांश सुधारणा दिसावी अशी अपेक्षा असते. ही झाली का?

तर्कट
चाचणीच्या आधी डोस बघा. अर्धी ११० म्हणजे ५० मिग्रॅ लेव्होडोपा (सिन्डोपातलं मुख्य औषध), दिवसाला १५०. एवढ्यावर 'फरक नाही' म्हणजे पातेलंभर आमटीत चिमूटभर मीठ घालून अळणी म्हणणं. (स्वतः वाढवू नका, डॉक्टरांना विचारा.) आणि गोळी कशाबरोबर घेतात?

सई_फिजिओ
डोस कमी आहे हे मान्य. पण पहिल्या दोन वर्षांतच मागे पडायला लागणं मला बरं वाटत नाही. पीएसपी, एमएसए असे पार्किन्सनसारखे दिसणारे आजार असतात, त्यांत डीबीएसचा उपयोग होत नाही. हे आजार उघडे पडायला वेळ लागतो म्हणूनच चारेक वर्षं थांबायला सांगतात. पीएसपीत नजर खाली वळवणं अवघड जातं. जिना उतरताना बाबांना खाली बघता येतं का?

तर्कट
धाग्यावर निदान नको.

सई_फिजिओ
निदान कोण करतंय? प्रश्न विचारतेय. दहा वर्षं हेच पेशंट चालवते मी.

निसर्गमित्र
मेंदूत तारा खुपसण्यापेक्षा कवचबीज चूर्ण द्या. खाजकुहिलीच्या बीत नैसर्गिक लेव्होडोपा असतो. सासऱ्यांना तीन महिन्यांत गुण.

तर्कट
असतोच. म्हणूनच सिन्डोपावर ते चूर्ण न मोजता ओतलं की एकूण किती गेलं ते कुणालाच कळत नाही. डॉक्टरांना न सांगता अजिबात नको.

निसर्गमित्र
अॅलोपॅथीवाल्यांना स्वस्त काही चालत नाही.

भाग्यश्री_ठाणे
अवांतर: वहिनीला ओसीडी आहे, तासन्‌तास हात धुते. तिला हे चालेल का?

माहितीपंत
सगळी औषधं आणि थेरपी वर्षानुवर्षं करूनही उपयोग झाला नसेल तरच विचार होतो. अमेरिकेत २००९पासून मर्यादित परवानगी आहे. वेगळा धागा काढा.

मिरजकर_७७
फाइल काढून बसलो होतो. चाचणीचा कागद नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'डीबीएससाठी योग्य आहेत का ते पाहणे' असं लिहिलंय. मी फक्त डीबीएस वाचलं, आणि कोटेशन काउंटरवरनं मीच मागून आणलेलं. गोळी दुधाबरोबर घेतात, पहिल्यापासून. जिन्याचं म्हणाल तर दिवाळीपासून बाबा माडीवर जातच नाहीत. आम्हाला वाटलं गुडघे.

तर्कट
दूध बंद करा. त्यातली प्रथिनं गोळी नीट आत शिरू देत नाहीत. जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर.

सई_फिजिओ
आणि माडीचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. जिना उतरतानाचा, खुर्चीतून उठतानाचा व्हिडिओ घेऊन जा, कुणीतरी धरून.

मिरजकर_७७
सोमवारची वेळ घेतली. गुरुवारचं रद्द केलं. तरी विचारून ठेवतो, चार्जिंगचा पट्टा उघड्या अंगावरच लावावा लागतो का? बाबांना आवडणार नाही.

पंढरी_नाशिक
काकांना चार्जिंगची आहे. पातळ बनियनवरून चालतं. आठवड्याला तासभर, आम्ही शनिवारी रात्री बातम्या बघताना करतो. फिजिओवाल्याला मात्र आधीच सांगून ठेवा, डायथर्मी (विद्युतलहरींचा शेक) लावायची नाही म्हणून. काकांना लावायला निघाले होते.

सई_फिजिओ
कुठल्या सेंटरला?? व्यक्तिगत निरोप करा.